चव्वेचाळीस वाती आणि एक चांदणी

प्रिय मुली,

सप्रेम सलाम आणि आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. लग्नानंतरचा हा पहिलाच डिसेंबर, ठाण्याहून सासू-सासरे येणार, जालन्याहून तुझी आई येणार, आणि संभाजीनगरच्या तुमच्या दोन खोल्यांच्या घरात सासरचा, यहुद्यांचा हनुक्का व आपला नाताळ हे दोन्ही सण विकतच्या भेटवस्तूंवाचून, हातांनी केलेल्या वस्तू देऊन साजरे करायचे, असे तू ठरवले आहेस, हे वाचून फार आनंद झाला. शाळेत शिवणाच्या तासाला चुकलेला टाका उसवून पुन्हा घालण्याचा कंटाळा न करणाऱ्या थोड्या मुलींपैकी तू एक होतीस. तुझ्या बेतातल्या दोन गोष्टी मात्र मला पटल्या नाहीत, आणि हाताशी अजून तीन महिने आहेत म्हणून त्या आताच लिहिते.

पहिली गोष्ट अशी की, सगळे एकत्र असतील त्या २५ डिसेंबरलाच दोन्ही सण एकदम करून टाकावेत, असे तू लिहिले आहेस. दुसरी अशी की, दारावरची नाताळाची चांदणी यहुद्यांच्या चिन्हासारखी सहा टोकांची केली म्हणजे तिच्यात दोन्ही घरे येतील, असे तुला वाटते. या दोन्हींमागचा तुझा चांगला हेतू मी ओळखते. तरीही तसे करू नकोस. हनुक्काची कथा मुळात आपली उपासना दुसऱ्याच्या उपासनेत विरघळू द्यायला नकार देणाऱ्या लोकांची आहे. अँटिओकस चौथा या राजाने यरुशलेमेतले मंदिर भ्रष्ट केले, यहूदा मक्काबी आणि त्याच्या भावांनी लढून ते परत मिळवले, आणि इ.स.पू. १६४ च्या सुमारास ते शुद्ध करून देवाला पुन्हा वाहिले. दिव्यापुरते शुद्ध तेल एकाच दिवसाचे सापडले आणि ते आठ दिवस पुरले, ही आठवण म्हणून आठ रात्री दिवे लावतात. असा सण नाताळाच्या झाडाखाली एका कोपऱ्यात मांडला, तर तुझ्या सासूबाई कदाचित काही बोलणार नाहीत, परंतु तो त्यांचा सण उरणार नाही. आपल्या योहानाच्या शुभवर्तमानातही, दहाव्या अध्यायात, येशू हिवाळ्यात याच सणाच्या वेळी मंदिरात होता असा उल्लेख आहे. तेव्हा हा सण त्याच्या जागी, त्याच्या दिवशी, पुरता होऊ द्यावा, यात आपल्या श्रद्धेला काहीही उणे येत नाही.

दिवसांचे गणित तुला सहज कळेल, कारण ते आपल्या पंचांगासारखेच आहे. यहुदी महिने चंद्राचे असतात आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक महिना धरतात. किस्लेव महिन्याच्या पंचविसाव्या तिथीला हनुक्का सुरू होतो, म्हणजे आपल्याकडची वद्य दशमी-एकादशी. मग अमावास्या ओलांडून तो पुढच्या महिन्यात जातो. दिवाळीसारखाच हा अमावास्येच्या दोन्ही बाजूंचा, सर्वांत काळोख्या रात्रींचा सण आहे. २०२४ साली पहिली वात २५ डिसेंबरच्याच संध्याकाळी लागली होती. गेल्या वर्षी तो १४ डिसेंबरला सुरू झाला आणि त्याच आठ दिवसांत आपली येळवस, म्हणजे वेळा अमावास्या आली. लातूर-धाराशिवकडची माणसे शेतात कडब्याच्या कोपीपुढे आंबील आणि भज्जी घेऊन बसली होती, तेव्हा ठाण्यात तुझ्या सासरी दिवे लागत होते. यंदा मात्र तो ४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होऊन १२ तारखेला संपतो. म्हणून माझे म्हणणे असे की, तुझ्या आईला हनुक्कासाठी बोलाव आणि सासू-सासऱ्यांना नाताळासाठी बोलाव. प्रत्येकाला दुसऱ्याच्या सणाला पाहुणा होऊ दे. आईला ६ डिसेंबरचा रविवार सोयीचा पडेल. त्या संध्याकाळी तिसरा दिवा असेल.

आईने हनुक्काला काय आणावे, हे तू विचारले आहेस. भेटवस्तू हा त्या सणाचा मूळ भाग नव्हे. मुलांना थोडे पैसे देण्याची चाल जुनी आहे, बाकीची देवघेव अलीकडे, नाताळाच्या शेजाराने वाढली. तेव्हा तिने शोभेचे काही न आणता सणाला लागणारी वस्तू आणावी, आणि ती म्हणजे वाती. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे आठ रात्रींचे दिवे छत्तीस होतात. शिवाय ज्या दिव्याने बाकीचे लावायचे तो शम्माश रोज एक, म्हणजे आणखी आठ. अशा एकूण ४४ वाती लागतात. दिवे काळोख पडल्यावर निदान अर्धा तास तरी जळत राहिले पाहिजेत. शुक्रवारी मात्र शब्बाथ, म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंतचा त्यांचा विसाव्याचा दिवस, सुरू होण्यापूर्वी, सूर्यास्ताच्या आधीच ते लावावे लागतात, त्यामुळे ते बरेच अधिक वेळ टिकावे लागतात. यंदा पहिली रात्रही शुक्रवारची आहे आणि आठवीही शुक्रवारची. त्या दोन रात्रींच्या मिळून अकरा वाती लांब आणि घट्ट वळलेल्या हव्यात आणि उरलेल्या तेहेतीस नेहमीच्या चालतील. सरकी काढून, कापूस पिंजून, मांडीवर नव्हे तर पाटावर वळलेली वात एकसारखी जळते, हे तुझ्या आईला मी सांगायला नको. तिने अकरा वाती वेगळ्या दोऱ्याने बांधून दिल्या, तर त्या घराचा शुक्रवार तिने लक्षात ठेवला हे तुझ्या नवऱ्याला डबी उघडताच कळेल.

तेल ऑलिव्हचेच हवे असे नाही. स्वच्छ जळणारे कोणतेही तेल चालते. आपल्या भागात करडई पिकते, परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाणही काढले आहेत. तेव्हा घाण्यावरचे करडईचे तेल घे. बेने इस्राएल लोकांना, म्हणजे आपल्याकडच्या मराठी यहुद्यांना, कोकणात शनिवार तेली म्हणत, कारण तेल गाळणे हा त्यांचा धंदा आणि शनिवारी त्यांचा घाणा बंद. असे असूनही तेलाचा हा सण त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नव्हता. इतर यहुद्यांशी संबंध आल्यानंतर तो त्यांच्या घरी आला, असे त्यांच्या परंपरेत सांगतात. सुताराकडून बाभळीची एक फळी घेऊन तिच्यावर आठ पणत्या एका ओळीत, एकाच उंचीवर बसतील अशा खोबणी करून घे, आणि शम्माशासाठी नववी जागा वर उचललेली ठेव. वाती उजवीकडून मांडत जायच्या, पण लावताना डावीकडच्या नव्या वातीपासून सुरुवात करायची. सणाच्या आधी एक पणती घड्याळ लावून जाळून पाहा, म्हणजे तेल किती लागते ते कळेल.

आणि एक गोष्ट आईला आवर्जून सांग, कारण ती मी स्वतः चुकून शिकले आहे. पुण्याला शिक्षणशास्त्राच्या वसतिगृहात माझ्या खोलीत एक बेने इस्राएल मुलगी होती. तिने खिडकीत पाच दिवे लावले होते आणि तेवढ्यात वीज गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या भरतकामाची तपासणी होती, म्हणून मी स्टूल ओढून त्या दिव्यांपाशी बसले आणि सुई ओवू लागले. ती काही बोलली नाही. शेजारच्या खोलीतून रॉकेलची चिमणी मागून आणली आणि माझ्या उजव्या हाताशी ठेवली. दिवे विझल्यावर तिने सांगितले की, त्या प्रकाशात काम करायचे नसते, तो नुसता पाहायचा असतो. तुझी आई कधी रिकाम्या हातांनी बसत नाही. त्या अर्ध्या तासात तिचे विणकाम पिशवीतच राहू दे.

आता नाताळ. यंदा २५ डिसेंबरही शुक्रवारी येतो, हे तू बहुधा पाहिले नसशील. तुझ्या सासरची माणसे शब्बाथ पाळणारी असल्याने त्यांना आदल्या दिवशीच येऊन शनिवारी रात्रीपर्यंत राहावे लागेल, आणि नाताळाचे मोठे जेवण दुपारीच व्हायला हवे. सकाळची उपासना आटोपून एक वाजेपर्यंत पाने वाढ. मांसाबरोबर दूध, तूप, लोणी त्यांना चालत नाही. म्हणून करंज्यांत खवा घालू नकोस, ओले खोबरे घाल आणि त्या तेलात तळ, आणि रस्सा नारळाच्या दुधाचा कर, जो त्यांच्या घरचाच आहे. मटण कोठून आणायचे आणि कोणती भांडी वापरायची, हे सासूबाईंना आधी फोन करून विचार. त्या विचारण्यानेच त्या निम्म्या निश्चिंत होतील.

चांदणी पाचच टोकांची कर, ती बेथलेहेमची आहे. माझ्या लहानपणी जालन्यात ती घरोघरी होत असे. बुरुडाकडून दीड हात लांबीच्या सारख्या दहा कामट्या आणायच्या, रात्रभर पाण्यात ठेवायच्या. मूल पेन्सिल न उचलता चांदणी काढते तशा पाच कामट्या एकमेकींवरून घेऊन टोके सुतळीने बांधायची. अशा दोन चांदण्या करायच्या आणि त्यांची पाचही टोके जुळवायची. मग मधल्या पाच छेदांपाशी चार-चार बोटांच्या काटक्या दोन्हींच्या मध्ये उभ्या खोचायच्या, की चांदणीला पोट येते. काटकी खोचताना कामटी कुरकुरते. तेथे घाई केली की ती मोडते, आणि मोडली की टोक तिरपे होऊन सगळी चांदणी पुन्हा बांधावी लागते. पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने लावायचा, पण खळ फक्त कामटीला, कागदाला नव्हे, नाहीतर वाळताना सुरकुत्या पडतात. वडील पेटी घेऊन गाणाऱ्यांबरोबर निघत आणि आम्ही मुले काठीला बांधलेली चांदणी धरून पुढे चालत असू. थंडीने बोटे बधिर होत, तरी काठी कोणी सोडत नसे. तुझ्या नवऱ्याला कामट्या बांधायला बसव. दुसऱ्याच्या सणाला हात लावणे आणि दुसऱ्याचा सण आपला करून टाकणे यांत फरक आहे, आणि त्याने त्याच्या दिव्यांची फळी तुला घासायला दिली तर तीही तू घास.

आता भेटींविषयी. तू एका दमात सात वस्तूंची यादी पाठवली आहेस. ती खाली ठेव आणि आधी माणसांकडे पाहा. माझ्या पहिल्या नाताळाला मी सासऱ्यांसाठी दोन महिने खपून, रात्री जागून, डोक्यातून घालायचा स्वेटर विणला होता. वीण उत्तम होती, रंग त्यांच्या आवडीचा होता. त्यांनी तो हातात घेऊन फार कौतुक केले आणि सगळा हिवाळा उशाखाली ठेवला. फेब्रुवारीत कधीतरी मला दिसले की, सदरा घालताना त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जातच नाही, आणि सासूबाई बाही पुढे धरून तो आत सरकवतात. दोन महिने मी त्यांच्यासाठी विणत होते आणि एकदाही त्यांना सदरा घालताना पाहिले नव्हते. उन्हाळ्यात मी तो पूर्ण उसवला, लोकर वाफेवर धरून सरळ केली आणि समोर बटणे असलेला, सैल बाहीचा विणला. तो त्यांनी पुढे आठ हिवाळे वापरला. हाताने केलेली वस्तू सुद्धा, माणूस न पाहता केली, तर माणसाला बसत नाही. आणि ती हाताने केलेली असल्यामुळे समोरचा तसे सांगूही शकत नाही, हे अधिक वाईट.

तुझ्या सासूबाईंसाठी वाकळ करण्याचा विचार मला आवडला. त्यांना मात्र नवे कापड नको. तुझ्या आईचे एक जुने लुगडे आणि त्यांच्याच घरातली एक जुनी साडी माग, आणि एक वरच्या बाजूला, दुसरे खालच्या बाजूला घे. टाके कडेकडेने आत घालत ये, म्हणजे थर सरकत नाहीत. शनिवारी त्यांच्यासमोर सुई घेऊ नकोस, शिवणही शब्बाथला वर्ज्य आहे. तेव्हा काम गुरुवारपर्यंत संपायला हवे, आणि त्यासाठी आज सुरुवात करायला हवी. नणंदेसाठी तू आकाशकंदील म्हणतेस, तो राहू दे. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात अजून हाताने कागद करतात. तेथून थोडे ताव आण, वही शिव, आणि तिच्या आजीचे पदार्थ सासूबाईंकडून फोनवर ऐकून तुझ्या अक्षरात उतरवून घे. मागची पाने कोरी ठेव.

दोन घरे कशी जुळणार ही तुझी धास्ती पत्रात शब्दाशब्दांतून दिसते, म्हणून एवढे सांगते. तुझ्या आजोळचे, जालन्याजवळचे गाव बेथेल नारायण शेषाद्रींनी वसवले. ते १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये ख्रिस्ती झाले. त्याच मिशनच्या जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले होते, आणि बेने इस्राएलांची मुले मिशनच्या शाळांत हिब्रू शिकली. बेथेल हा शब्दही हिब्रूच आहे, त्याचा अर्थ देवाचे घर. हे सासऱ्यांना जेवताना सांग. त्यांना इतिहासाची आवड आहे असे तूच लिहिले होतेस.

नाताळाच्या संध्याकाळी, पाच-साडेपाचच्या सुमारास, सासूबाईंना शब्बाथचे दिवे लावायला स्वच्छ जागा लागेल. टेबलाचा खिडकीकडचा भाग रिकामा करून ठेव आणि पांढरे कापड अंथर. चांदणीतला बल्ब आधीच लावून ठेव, म्हणजे नंतर कोणाला बटणाला हात लावावा लागणार नाही.

कामट्या मी येथल्या बुरुडाकडे सांगून ठेवल्या आहेत. सासूबाईंची साडी मिळाली की तिची लांबी कळव, अस्तर किती लागेल ते मी काढून देईन.

तुझ्या बाई