किचनमध्ये स्मोक डिटेक्टर नको, हीट डिटेक्टर लाव

अरे टेन्शन नको घेऊ, घरात आगीच्या अलार्मचा वायरलेस सेट लावणं सोपंय, शिडी आणि ड्रिल असलं की झालं. फक्त किचनमध्ये स्मोकवाला, म्हणजे धूर ओळखणारा, लावू नकोस, फोडणी पडली की बोंबलणार आणि मग लोक वैतागून बॅटरीच काढून ठेवतात, नवशिक्यांची ही कॉमन चूक. तिथे हीट डिटेक्टर लाव, तो धुरावर नाही, उष्णतेवर वाजतो. स्मोकवाला बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये, आणि देवघराजवळ तर नकोच, धूप असतोच.

- सगळे युनिट आधी टेबलावर पेअर कर (म्हणजे एकमेकांना जोड), मग छताला लाव
- भिंतीपासून निदान ३० सेंमी, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब
- महिन्यातून एकदा टेस्ट बटण, एक दाबलं की सगळे वाजले पाहिजेत

धूळ व्हॅक्यूमने काढ. युनिटच्या मागे तारीख असते, साधारण १० वर्षांनी बॅटरी चांगली असली तरी अख्खं युनिट बदलायचं. ॲपबिप नंतर बघू.