कॅन्सरमध्ये टार्गेटेड थेरपीआधी जीन टेस्ट का करतात, डायरेक्ट गोळी का देत नाहीत?
कारण ही गोळी कॅन्सरच्या पेशींच्या जीन्समधल्या ठराविक बिघाडावरच चालते, तो बिघाडच नसेल तर घेऊन उपयोग नाही. सीएमएल या ब्लड कॅन्सरचं बघा, त्यात ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल नावाचं प्रोटीन तयार होतं जे पेशींना सारखं वाढत राहा असं सांगत बसतं, इमॅटिनिब नावाचं औषध नेमकं तेच बंद पाडतं. २००१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि एवढा जीवघेणा आजार बऱ्याच पेशंटसाठी रोजच्या गोळीवर आला, मला तर हे अजूनही भारी वाटतं. लंग कॅन्सरमध्ये ईजीएफआर, एएलके वगैरे जीन्समध्ये बिघाड आहे का ते बघतात. आणि हो, असे बदल बहुतेक वेळा फक्त कॅन्सरच्या पेशींतच झालेले असतात, ते मुलांकडे जात नाहीत, तेव्हा रिपोर्टमध्ये म्युटेशन (म्हणजे जीनमधला बदल) शब्द दिसला म्हणून लगेच घाबरू नका.