नाव कुठे घालायचं

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. दिवाळीला कंपनीतर्फे 300 जणांना भेटवस्तू द्यायची, माणशी 600 रुपये, आणि साहेबांचं म्हणणं, "लोगो ठसठशीत दिसला पाहिजे." पर्चेसमध्ये 27 वर्षं काढली मी. हे वाक्य दर दिवाळीला ऐकलंय.

पहिल्या वर्षी ते मनावरही घेतलं. आपल्या सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चांगले जाड टॉवेल घेतले आणि मधोमध वीतभर लोगो भरून घेतला. भरतकामाची मागची बाजू दोऱ्यांनी कडक होते. तोंड पुसलं की गालाला ओरखडल्यासारखं व्हायचं, आणि तेवढ्या भागात पाणीही टिपलं जायचं नाही. सहा महिन्यांनी स्कूटर पंक्चर झाली म्हणून थांबलो, तर तिथला पोरगा ज्या फडक्याला हात पुसत होता ते आमचंच. ग्रीसनं काळंकुट्ट झालेलं, लोगो मात्र ठसठशीत! साहेबांच्या मनासारखं झालं म्हणायचं.

तुझ्या घरातले जुने स्टीलचे डबे खाली काढून बघ. काठाखाली बारीक टिंबांनी कोरलेलं नाव सापडेल: कुणा मामांनी लग्नात दिलेलं, कुणाच्या वास्तुशांतीचं. देणारा कधी गेला ते आठवत नाही, पण डाळ त्याच डब्यात असते. नाव आहे, पण डाळ काढताना आडवं येत नाही. कंपनीचं नाव तिथं आणि तेवढंच घालायचं.

टॉवेलच घ्यायचा असेल तर दोन्ही टोकांना जी सपाट पट्टी असते तिच्यात नाव विणून मिळतं का विचार. 300 नगांसाठी कारखानदार कुरकुर करेल, वेगळं डिझाइन लावावं लागतं त्याला. नाहीच म्हणाला तर एका कोपऱ्यात, त्याच पट्टीवर, दोन बोटं रुंद भरतकाम. टॉवेलच्या उभ्या फासांवर छपाई अजिबात नको, धुण्यागणिक फाटकी दिसायला लागते.

जाडी हातानं जोखू नकोस, काटा घे. 30 बाय 60 इंचाचा टॉवेल 450 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम) म्हणून विकत असतील तर एक नग साधारण 520 ग्रॅम भरला पाहिजे. 400 ग्रॅम भरला तर हिशेब तुझा तूच कर. सॅम्पल पांढऱ्या कापडाबरोबर बादलीत भिजव, तीन वेळा धू, कडक उन्हात वाळव. नवा टॉवेल मऊ लागतो तो पुष्कळदा फिनिशिंगमुळे. खरा टॉवेल तिसऱ्या धुण्यानंतर कळतो.

सोलापुरी चादरीचा मोह होईल. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आपल्या गावाचा माल आहे, सगळं खरं. पण सोलापूरकराला चादर देणं म्हणजे कोकणातल्या माणसाला नारळ देणं. प्रत्येकाच्या घरात चार घड्या करून ठेवलेल्याच असतात. पुण्या-बेंगळुरूच्या डीलरला मात्र खुशाल पाठव, तो आनंदानं पांघरेल. त्याच्या पार्सलात शेंगा चटणीचं पाकीटही टाक. नाव पाकिटावर, चटणी पोटात, कुणाची तक्रार नाही.

एक फजिती सांगतो. एका वर्षी सगळ्यांना स्टीलचे जेवणाचे डबे दिले, नाव अगदी बारीक, काठाखाली. शहाणपणाचंच केलं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तीनशे सारखे डबे! एकाची कडक भाकरी दुसऱ्याकडे, उपवासवाल्याच्या हातात अंडाकरी. आठवडाभर शोधाशोध. शेवटी नाव घालणाऱ्याला मशीनसकट गेटवर बसवलं आणि प्रत्येकाचं नाव झाकणावर कोरून घेतलं. गंमत बघ, त्या दिवसापासून लोक डबा जपायला लागले. एक हेल्पर तर मुलीचं नाव घालून घेऊन गेला, डबा शाळेला नेते म्हणाला. म्हणून आता माझा सल्ला: झाकणावर घेणाऱ्याचं नाव मोठं, कंपनीचं बुडाशी.

डायरी, पेनस्टँड, भिंतीवरचं घड्याळ यांच्यावर शाई घालवत नाही. पाण्याची बाटली फिरतीवरच्या लोकांना दे, एप्रिल-मेमध्ये दुवा देतील. तिच्यावर छपाईपेक्षा लेझरनं कोरलेलं टिकतं.

अकाउंट्सवाल्यांना आधीच गाठ. भेट म्हणून वाटलेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही, जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) मध्ये तसं आहे. म्हणजे तुझे 600 जीएसटी धरून. कोटेशन "प्लस टॅक्स" आलं की इथंच गाडी अडते. ऑर्डर गणपतीच्या आत दे. नंतर मागावर सगळ्यांचीच घाई असते आणि भरतकामवाला फोन उचलत नाही.

साहेबांशी लोगोवरून वाद घालू नकोस. मोठ्या लोगोचा एक नग करून घे, साहेबांच्या घरी पाठव, आणि पंधरा दिवसांनी बाईंना विचार तो कुठंय.

सॅम्पल आले की फोटो पाठवू नकोस. रविवारी सकाळी घेऊनच ये, बादली आणि काटा माझ्याकडे आहे.

तुझा,
पर्चेसवाला काका