नोटीस न देता कारखाना बंद झाला तर

चाकणची नोकरी सोडून अमेरिकेत, ओहायोतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एच-1बी या नोकरीसाठीच्या व्हिसावर येण्याचा तुमचा विचार आहे, आणि तो कारखाना एकाएकी बंद झाला तर कायद्याने काय मिळते, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाची प्रक्रिया सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती मी सांगत बसत नाही. मी मिशिगनमध्ये ज्या कारखान्यात होतो तो मार्च महिन्यात एका सकाळी, पाळी सुरू होण्याआधीच बंद झाला, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून मी अस्वस्थ झालो.

आपल्याकडे मोठा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते. इथे फक्त पूर्वसूचना पुरते. 1988 च्या वॉर्न कायद्यानुसार 100 किंवा अधिक पूर्णवेळ कामगार असलेल्या कंपनीने, एका ठिकाणच्या किमान 50 जणांची नोकरी जाणार असेल, तर 60 दिवस आधी लेखी कळवले पाहिजे. न कळवल्यास जास्तीत जास्त 60 दिवसांचा पगार आणि विम्यासारखे लाभ मागता येतात, आणि हा हक्क व्हिसावरील कामगारालाही आहे. मात्र कामगार खाते ही रक्कम वसूल करून देत नाही. फेडरल न्यायालयात दावा आपणच, बहुधा सर्वांनी मिळून, लावावा लागतो. परिस्थिती अनपेक्षित होती असा बचाव कंपनी करते, आणि दिवाळखोरीत गेली तर आपण घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे राहतो. डिसेंबर 2008 मध्ये शिकागोच्या रिपब्लिक विंडोज अँड डोअर्सच्या कामगारांना जेमतेम तीन दिवस आधी कळवले गेले. त्यांनी कारखान्यातच ठिय्या दिला, तेव्हा कुठे पैसे सुटले. व्हिसावर असलेल्या माणसाला असे धाडस परवडत नाही.

कारण आपले दिवस वेगळे मोजले जातात. नोकरी संपली की नवी कंपनी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. पूर्वसूचना मिळाली असती तर ते 60 दिवस तिची मुदत संपल्यावर सुरू झाले असते, म्हणजे हाती दुप्पट वेळ आला असता. दाव्यातून मला पुढे पैसे मिळाले. तो वेळ कोणतेही न्यायालय परत देत नाही.

त्या वेळेची किंमत माझ्या मुलीने मोजली. ती सहावीत होती. नवी नोकरी दुसऱ्या राज्यात मिळाली, आणि वार्षिक कार्यक्रमाला थोडे दिवस उरले असताना शाळेच्या बँडसाठी भाड्याने घेतलेले क्लॅरिनेट मला दुकानात परत करावे लागले. नव्या शाळेत वर्षाच्या मध्यावर तिला बँडमध्ये जागा मिळाली नाही, आणि पुढे तिने वाद्य हातात घेतले नाही. हा सल मला पगारापेक्षा जास्त आहे, आणि कोणत्याही दाव्यात तो मांडता येत नाही.

एकटेपणाविषयीही तुम्ही विचारले आहे. तो असतो, आणि मराठी मंडळात जाऊ लागलात की कमी होतो. त्यावरून निर्णय करू नका.

काढून टाकताना कंपनी बहुधा थोडी रक्कम देऊ करते आणि सर्व दावे सोडल्याच्या कागदावर सही मागते. वकिलाला दाखवल्याशिवाय त्या दिवशी सही करू नका. नेमणूकपत्र, पगारपत्रके आणि व्हिसाच्या मंजुरीची प्रत पहिल्या महिन्यापासून घरी ठेवा, कारण कंपनीचा संगणक त्याच सकाळी बंद होतो.