जनकाशिवाय आपल्या ग्रंथांत तत्त्वज्ञ राजे आहेत का?

आहेत की! पंचवटीत आम्हा नाशिककरांना जनक म्हणजे सीतामाईचे वडील, एवढंच ठाऊक. पण जनक हे विदेहच्या राजघराण्याचं नाव. बृहदारण्यक उपनिषदातला जनक शिंगांना सोनं बांधलेल्या १००० गायी सर्वांत मोठ्या ब्रह्मवेत्त्यासाठी ठेवतो आणि याज्ञवल्क्य वादाआधीच शिष्याला म्हणतात, ‘हाक त्या घरी!’ पुढे गार्गीचे प्रश्न येतात. तरीही जनक इथे बहुतेक शिकणाराच आहे.

मला जास्त आवडतात ते शिकवणारे राजे. काशीचा अजातशत्रू घ्या (मगधाचा तो वेगळा). गार्ग्य बालाकी तोऱ्यात ‘तुला ब्रह्म सांगतो’ म्हणून येतो, त्याची एकेक व्याख्या राजा खोडतो, शेवटी बालाकीच शिष्यत्व मागतो. ब्राह्मणाने क्षत्रियाकडे शिकायचं हे उलटंच, असं म्हणत राजा त्याला हाताला धरून एका झोपलेल्या माणसापाशी नेतो: गाढ झोपेत याची जाणीव कुठे गेली होती?

छांदोग्य उपनिषदात असेच दोघे: उद्दालक आरुणी या ऋषीला पंचाग्निविद्या (माणूस मेल्यावर पुन्हा जन्माला कसा येतो, हे पाच अग्नींच्या रूपकातून सांगणारी शिकवण) देणारा प्रवाहण जैवली, आणि ‘माझ्या राज्यात चोर नाही, मद्यपी नाही’ म्हणणारा अश्वपती कैकेय. मात्र हे राजे राज्य कसं चालवत, याबद्दल उपनिषदं फारसं बोलत नाहीत. त्यासाठी महाभारतातलं शांतिपर्व वाचा.