उंदीर बॅन झाला त्याबद्दल

अरे बाबा,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला, मी सकाळी चहा घेताना वाचला. दोन ओळीत उत्तर देण्यासारखं प्रकरण नाही म्हणून हे लांबलचक लिहितोय, लेक्चरला मागच्या बाकावर बसून वाच.

तू म्हणतोस, "काका ही सरळ चीटिंग आहे, त्यांनीच छापलं, त्यांनीच विकलं, आता त्यांनीच बॅन केलं." वाक्य झकास आहे आणि अर्धं खरंही आहे. ३० जून २०२५ ला मॅजिक या आपल्या कार्डांच्या खेळाच्या कंपनीने स्टँडर्डमधून (फक्त नव्या सेटची कार्डं चालतात तो फॉरमॅट) एकदम सात कार्डं उडवली, म्हणजे तिथे खेळायला बंदी, त्यात तुझा उंदीर, हार्टफायर हिरो, गेला, मॉन्स्ट्रस रेज गेलं आणि कोरी-स्टील कटर पण गेलं, जे एप्रिलमध्ये आलं होतं, म्हणजे धड तीन महिनेही नाही झाले. ट्यूशनचे पैसे साठवून तू त्या कटरच्या चारच्या चार कॉपीज घेतल्यास हे मला माहितीये. वाईट वाटणारच.

पण चीटिंग हा शब्द जपून वापर रे. आपण गणपतीत मेंढीकोट खेळतो तेव्हा कट हुकूम असतो ना, ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही त्याने टाकलेला रंग हुकूम होतो, आणि त्या क्षणी तुझ्या हातातला चौकटचा एक्का कोणाच्या तरी इस्पिकच्या दुर्रीपुढे मान टाकतो. तू कधी आजीला म्हणालास का की ही चीटिंग आहे? नाही, कारण पत्ते वाटायच्या आधीच सगळ्यांना माहीत असतं की हे असं होणार. पत्त्याची ताकद डावात बदलली म्हणून डाव खोटा होत नाही, ती कशी बदलणार हे एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, तेव्हा होतो. बॅनच्या घोषणेची तारीख आधीपासून जाहीर होती. त्याच्या आठवडाभर आधी लास वेगासला प्रो टूर ही मोठी स्पर्धा झाली, तिथे कटरवाल्या डेकचा (डेक म्हणजे खेळाडूने जमवलेला गठ्ठा) सुळसुळाट होता, मीच तुला म्हटलं होतं थोडा थांब. असो, "मी म्हटलं होतं" हे वाक्य काकालोकांनी म्हणू नये म्हणतात.

आता ताकद मुळात मोजता येते का ते बघ. १९९३ ला मॅजिक बनवणाऱ्या रिचर्ड गारफिल्डने कार्डांचा पहिला सेट केला त्यात पाच रंगांची पाच कार्डं होती, प्रत्येकाला एक माना (कार्ड खेळायला मोजायची किंमत) आणि मोबदल्यात तीनचं काहीतरी. लाल तीन डॅमेज करतं, पांढरं तीन लाइफ देतं किंवा तीन डॅमेज अडवतं, हिरवं प्राण्याला +३/+३ (पहिला आकडा मार, दुसरा जीव), काळं तीन माना, निळं तीन कार्डं. कागदावर किती समसमान! प्रत्यक्षात तीन लाइफवालं हीलिंग सॅल्व्ह कोणी फुकट दिलं तरी डेकमध्ये घालत नाही आणि तीन कार्डंवालं अँसेस्ट्रल रिकॉल इतकं भारी की व्हिंटेजमध्येसुद्धा, जिथे जवळपास सगळी जुनी कार्डं चालतात, एकच ठेवता येतं. आकडा तोच. आणि तेव्हा डेकमध्ये एका कार्डाच्या चारच कॉपीज ही मर्यादाही नव्हती, अंदाज असा की लोक थोडी पाकिटं घेतील, मित्रांच्या घोळक्यात असं भारी कार्ड एखाद्याकडेच असेल, फार बिघडणार नाही. लोकांनी खोकीच्या खोकी घेतली. माणूस किती हावरा आहे याचा अंदाज चुकला, बस.

माझं पण सांगतो, हसू नकोस. २००४ ला मी परदेशात शिकायला होतो, खिशात पैसे नाहीत, आणि स्कलक्लॅम्प आलं. एक माना, प्राण्याला घालायला अजून एक माना, ज्याला घातलं त्याला +१/-१ आणि तो मेला की दोन कार्डं घ्या. आता १/१ च्या प्राण्याला घातलं की तो जागीच मरतो, म्हणजे एका मानाला दोन कार्डं, पुन्हा पुन्हा. ते वजा एक डिझाइनच्या शेवटच्या टप्प्यात आलं होतं आणि त्याने काय होईल हे कोणाच्या नीट लक्षात आलं नाही. फेब्रुवारीत कार्ड आलं, जूनमध्ये बॅन. मी तोवर रात्री पास्ता, सकाळी तोच पास्ता खाऊन ते कार्ड असलेली अॅफिनिटी नावाची डेक पूर्ण केली होती. स्कलक्लॅम्प गेलं तरी बाकीची डेक भारीच होती म्हणून मी अजून पैसे घातले, आणि मार्च २००५ ला आठ कार्डं गेली, आर्कबाउंड रॅव्हेजरसकट. अगदी लँडसुद्धा (माना देणारी कार्डं) बॅन झाल्या, लँड! मी महिनाभर दुकानात गेलो नाही, आणि तिथले लोक मला विसरले. तसं अजूनही चुका होतात, २०२४ ला नाडू नावाचा पक्षी आला, दोनेक महिन्यात मॉडर्न या दुसऱ्या फॉरमॅटमधून बॅन झाला आणि डिझायनरने स्वतःच लिहिलं की शेवटी जे छापलं ते टेस्टच झालं नव्हतं. मला ते आवडलं, निदान बोलला तरी.

तुझ्या रागातलं खरं काय ते आता. चूक त्यांची, पैसे तुझे. हर्थस्टोन या ऑनलाइन खेळात कार्ड कमजोर केलं तर तोडून पूर्ण डस्ट (नवं कार्ड बनवायचं चलन) परत मिळते, मॅजिकच्याच ऑनलाइन अरीनावर बॅन झालं की वाइल्डकार्ड (बदली कार्ड घ्यायचं कूपन) देतात. कागदाच्या कार्डाला ठेंगा. २०११ ला एकदा मात्र छान केलं होतं, स्टोनफोर्ज मिस्टिक बॅन केलं पण ते एका तयार विकत मिळणाऱ्या डेकमध्ये होतं, म्हणून सांगितलं की ती डेक जशीच्या तशी, एकही कार्ड न बदलता आणलीत तर चालेल. का, तर नुकतं दुकानातून डेक घेऊन आलेलं पोर पहिल्याच दिवशी घरी पाठवायला नको. मला न्याय म्हटलं की ते आठवतं. तुला भांडायचं असेल तर यावर भांड, मी तुझ्या बाजूने.

आणि आता जे मला खरं लिहायचंय. मे-जूनमध्ये आपल्याकडे ती नववीतली मुलगी यायची, तयार डेक घेऊन, लाइफ (वीसपासून उतरत जातं, शून्य झालं की हार) वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहायची. तुझा तिच्याशी एक डाव मी शेजारी बसून बघितला. पहिल्या टर्नला तू उंदीर टाकलास. दुसऱ्याला त्याच्यावर रेज, म्हणजे उंदराचा मूळचा एक, त्याचा वाढलेला एक काउंटर, रेजचे दोन, रेजसोबत येणाऱ्या रोलचा एक, झाला पाचाचा, वर ट्रॅम्पल (अडवलं तरी उरलेला मार पोचतोच). तिने २० खोडून १५ लिहिलं. तिसऱ्याला अजून काय काय टाकलंस आणि ते १५ खोडून तिने ४ लिहिलं, आणि हातात पाच कार्डं धरून विचारलं, "दादा, मी काही चुकले का?" तू म्हणालास नाही गं, डेकच तशी आहे. तू उद्धटपणे नाही बोललास, खरंच बोललास. पण ती त्यानंतर दोनदा आली आणि मग नाही. त्या दोन महिन्यात तू मला एकदाही पावणेदोनला मेसेज नाही केलास की काका हे अनफेअर आहे.

तुझी चूक होती असं नाही म्हणत मी. कार्ड लीगल होतं, लीगल कार्ड खेळणाऱ्याला नावं ठेवणारे लोक मला तितकेच बोअर होतात. फक्त बॅन तुझ्याविरुद्ध झाला असं वाटतंय ना, तो तिच्या बाजूनेही झालाय.

पुढचं सांगतो. ती कार्डं रागाने ओएलएक्सवर काढू नकोस, बॅन स्टँडर्डमध्ये आहे, जुन्या फॉरमॅटमध्ये चालतात. नवीन सेट आला की पहिले काही आठवडे भाव डोक्यावर असतो तेव्हा उधारीवर खेळ, माझ्या डब्यात काय काय पडलंय. पैसे घालायचेच तर लँडमध्ये घाल, त्या दहा डेकमध्ये जातात. (हो, माझ्या लँड बॅन झाल्या होत्या. तरीपण.) आणि एक संथ डेक बांधून बघ, दहाव्या टर्नपर्यंत जाणारी, मग कळेल तुला ब्लॉक करता येतं की नाही, कारण मला खरंच माहीत नाही, तुला ब्लॉक करायची वेळच आली नाही कधी.

शनिवारी चारला ये. त्या मुलीच्या आईला मी फोन केलाय, बघते म्हणाल्या. आली तर तू आणि ती दोघं माझ्या डब्यातल्या डेक घ्या, कुठली कोणाला ते चिठ्ठ्या टाकून. नाही आली तर पत्ते काढू, मेंढीकोटला चौथा भिडू कमीच आहे.

काका