वळवाच्या वादळात घरात नेमकं कुठे थांबावं?

वादळात कुठे थांबावं हे विचारताना, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचं कौलारू घर, पुढे पत्र्याची पडवी, असं तुम्ही लिहिलंय. अशा घरात माजघर धरा: खिडकी नसलेलं, बाहेरच्या भिंतीपासून आत. पण न्हाणीघरावर स्लॅब असेल तर तेच जास्त भक्कम. विजा कडाडत असताना तिथल्या नळाला मात्र हात लावू नका.

पडवीत उभं राहून वादळ बघू नका. वारा आत शिरला की पत्र्याला खालून उचलतो. पत्रा धरून ठेवणाऱ्या हुकाचे नट सैल असतील तर कडेचा पत्रा आधी सुटतो आणि त्यावर दाबून ठेवलेले दगड माणसांवर येतात. छपराच्या टोकाकडच्या त्रिकोणी भिंतीखाली कुणाला बसवू नका, छप्पर हललं की ती ढासळते. दाब कमी व्हावा म्हणून एक खिडकी उघडी ठेवायची, हा समज चुकीचा आहे. सगळ्या बंद करा.

अमेरिकेत टॉर्नेडो आला की तळघरात जातात. पण तुमच्याकडे मलप्रभा नदीच्या काठी पाणी चढत असेल तर खोलगट जागा नकोच.

मुलांच्या डोक्यावर हेल्मेट किंवा जाड गादी धरा. मेन स्विच आधीच बंद करा. वारा थांबल्यावर तुटलेली तार पत्र्याला टेकलेली दिसली तर लांबूनच हेस्कॉमला (तिथल्या वीज कंपनीला) १९१२ वर कळवा.